दोन्ही बाजूंची वही

माझ्याकडे दोनशे पानी एक वही आहे. पुठ्ठा निखळला म्हणून दोऱ्याने शिवून घेतली आहे. पुढून उघडली की जपानी, उलटी करून मागून उघडली की फ्रेंच. सातवी-आठवीतली वही. १९९२ साली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली, त्यानंतरची ही वर्षं. अण्णा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार. सिडकोच्या वन रूम किचनमध्ये आम्ही पाच माणसं. दोन भाषांना दोन वह्या मागायच्या नाहीत, हे माझं मीच ठरवलं होतं.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाई पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकल्या होत्या. संध्याकाळी आम्हा चार मुलींना शिकवायच्या. वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय: अ, इ, उ, ए, ओ. खाली का, कि, कु, के, को. बाई म्हणाल्या, "आता उभ्या ओळीत वाचा." का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. "ओळखीचं वाटतं का गं?" वाटलंच. संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे आपल्या वर्णमालेचा क्रम जपानपर्यंत पोचला, तो असा.

मग पहिलं वाक्य आलं. 'वाताशी वा वाशी नि इकिमास.' मी वाशीला जाते. 'नि' म्हणजे आपला 'ला', क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. प्रश्न विचारायचा तर पुढे नुसता 'का' लावायचा. इकिमास का? जाता का? दोन्ही 'का' एकमेकांचे कोणी लागत नाहीत, हा निव्वळ योगायोग आहे. पण त्या संध्याकाळी परक्या भाषेची भीती गेली ती गेलीच.

फ्रेंच शाळेत होतं, आठवीला, इंग्रजीतून. 'त्यू' आणि 'व्हू', दोन्हींचा अर्थ फळ्यावर एकच: यू. वर्गात गोंधळ. मी समासात लिहिलं: तू, तुम्ही. एकाला मान द्यायचा तरी अनेकवचन, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मग आकडे आले. ऐंशीला 'चार वीस', नव्वदला 'चार वीस दहा'. घरी घोकत बसले होते. आजी साताऱ्याकडची, शाळेत न गेलेली, लसूण सोलत ऐकत होती. म्हणाली, "त्यात अवघड काय हाय? चार ईसा न् धा." गावाकडे अंडी, आंबे, माणसाचं वय, सगळं ती विसांवरच मोजायची. फ्रेंचमधला नव्वद मला आजीने शिकवला.

दोन्ही बाजूंचं लिखाण जिथे भेटलं, त्या मधल्या पानावर एकच शब्द आहे: पाव. जपानीत पान, फ्रेंचमध्ये पँ. पोर्तुगीजांनी त्यांचा शब्द गोव्यात, वसईत आणला आणि १५४३ नंतर जपानातही नेला. फ्रेंच शब्द त्याच लॅटिन मुळातून आलेला. तो शोध लागला तेव्हा अण्णांनी पहाटेच्या पाळीवरून येताना आणलेली पावाची लादी समोर होती.

पुढे फ्रेंच मागे पडलं, जपानीवर पोट चाललं. यंत्रांच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणायचं काम वीस वर्षं केलं. जपानीतलं लांबलचक वाक्य अडलं की आधी मनात मराठीत लावायचं. क्रमाने उलगडत जायचं. मग इंग्रजी.

आता संध्याकाळी वाशीतच मी मुलांना शिकवते. बुलेट ट्रेनचा बोगदा सात किलोमीटर याच ठाणे खाडीखालून जाणार आहे, त्यामुळे 'शिनकानसेन' हा शब्द मुलं घेऊनच येतात. पण घरी मराठी बोलणारी मुलंही जपानी इंग्रजीतून समजून घेऊ बघतात आणि 'ओ', 'नि', 'दे' या प्रत्ययांपाशी अडखळतात. विभक्तीचे प्रत्यय त्यांच्या जिभेवर आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मी ही वही उघडून दाखवते.

परकी भाषा शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी एवढीच विनंती आहे: समोर मराठी मूल असेल तर फळ्यावर पहिलं वाक्य मराठीत लिहा. आणि घरात आजी असेल तर तिला शेजारी बसू द्या.