चारही चाकं

आमच्या दारात कमांडर जीप येऊन उभी राहिली, तेव्हा मोहल्ल्यातल्या पहिल्या माणसानं विचारलं, "वडाप सुरू करताय का?" त्याचा दोष नव्हता. सोलापूर जिल्ह्यानं ही गाडी पाहिली ती तशीच. आत दाटीवाटीनं बसलेली, टपावर चढलेली आणि मागं लोंबकळणारी माणसं. आमच्या जीपमध्ये फरक एवढाच होता की तिची पुढची चाकंही ओढतात. तेवढ्या एका फरकासाठी आम्ही तिघा भावांनी चार महिने गावं पालथी घातली होती.

कारण सांगायचं तर २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये जावं लागेल. १४ ऑक्टोबरला जिल्ह्यावर पाऊस नुसता कोसळला. त्याच आठवड्यात सीनेकाठच्या गावी आमची फुफी वारली. गावापासून कबरस्तान किलोमीटरभर लांब, आणि मधे सगळं काळं रान. एरवी जनाजा खांद्यावरून जातो. त्या दिवशी खांदा देणाऱ्याचा पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा. कोरोनाचे दिवस, माणसंही मोजकीच. म्हणून जनाजा टेम्पोत ठेवला. टेम्पो शंभर पावलं गेला आणि बसला. मागची चाकं जागच्या जागी फिरायची, आणि जितकी फिरवावीत तितकी खाली जायची. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "माझाबी रुतंल, मग दोन काढावं लागतील." शेवटी शेजारच्या शेतकऱ्यानं बैलजोडी आणली, गावातल्या पोरांनी दोर धरला. जुहरनंतर निघालेलो आम्ही मगरिबच्या तोंडावर पोचलो.

मय्यतीला उशीर करू नये, हे लहानपणापासून ऐकत आलेलो. जिनं आम्हाला अंगाखांद्यावर वाढवलं, तिला आम्ही अख्खी दुपार चिखलात थांबवून ठेवलं. परतताना अब्बा एवढंच म्हणाले, "सारी उमर लोगां की गाड्यां निकाले, आज अपनीच नै निकली." अब्बांनी चाळीस वर्षं जीप दुरुस्त करण्यात घालवली. ते वाक्य आम्हाला झोपू देईना.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा पोरं म्हणाली, थार घ्या. थार २०१० मध्ये आली, २०२० मध्ये नव्या रूपात आली. चिखलात ती उत्तमच आहे. पण तिची किंमत आमच्या खिशाबाहेरची. मग जिप्सीचा विचार केला. १९८५ पासूनची ही गाडी वजनानं हलकी, आणि हलकी गाडी कमी रुतते. पण सर्वसामान्यांसाठी तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. जुन्या मिळतात, त्यांना भाव भलताच. अब्बांनी वेगळाच प्रश्न टाकला. "गाडी कोणती ते मागनं ठरवा. तीत कोण बसणार ते आधी सांगा." आम्ही गप्प झालो. बाळंतपणाची बाई आडवी निजली पाहिजे, जनाजा सरळ मावला पाहिजे. त्या मापात कमांडर बसली. मागचे समोरासमोरचे बाक काढले की लांब, मोकळी जागा. फक्त बहुतेक कमांडर मागच्या दोन चाकांवर ओढणाऱ्या. चार चाकांवर ओढणारी शोधावी लागते.

प्रत्येक गाडी बघायला अब्बा सोबत आले. इंजिनाकडे ते शेवटी बघायचे. आधी खाली वाकून चासीवर हातोडीनं टिचक्या मारायच्या. ताजा काळा रंग दिसला की म्हणायचे, याच्याखाली गंज आहे. चासीचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघायचा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवायची. पुढच्या चाकातून कट-कट आवाज आला तर क्रॉस गेला. गिअर पेटीचं तेल बोटावर घ्यायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. लो गिअरमध्ये उतारावर सोडून लिव्हर उडी मारतो का पाहायचं. पाच गाड्या अशा नापास झाल्या. सहावी २००२ सालची, रंग उडालेली. तिच्या चासीनं अब्बांच्या हातोडीला खणखणीत उत्तर दिलं.

मग तयारी. नातवांना पुढं लोखंडी गार्ड हवं होतं. तसल्या गार्डवर २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं बंदी आणली, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये तेच बजावलं. म्हणून दिखाऊ काही केलं नाही. पैसा घातला तो न दिसणाऱ्या जागी. टायर खोल नक्षीचे, पण रुंद नाहीत. आमच्याकडं बऱ्याच रानात काळ्या मातीखाली मुरूम लागतो. अरुंद टायर चिखल कापून मुरुमापर्यंत पोचतो. जिथं मुरूम लागतच नाही, तिथं हवा अठरा पाउंडांपर्यंत उतरवायची म्हणजे टायर पसरतो. डांबरीवर आलं की पुन्हा भरायची, म्हणून पंप सोबत. अ‍ॅक्सलला हवा घेण्यासाठी बारीक छिद्र असतं. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की तिथून पाणी ओढून घेतो. त्याला नळी जोडून वर नेली. दोर बांधायचे हूक बंपरला न लावता थेट चासीला लावले. दोर नायलॉनचा, आणि ओढताना त्यावर जाड गोधडी टाकायची. ताणलेला दोर तुटला तर गोधडी त्याचा जोर मारते, नाहीतर तो माणूस मारतो.

आम्हाला वाटायचं, चारही चाकं ओढतात म्हणजे चिंता मिटली. अब्बांनी गाडी खड्ड्यावर तिरकी घातली. पुढचं एक आणि त्याच्या तिरप्या कोनातलं मागचं एक, अशी दोन चाकं हवेत आली. तीच गरगर फिरली आणि गाडी जागची हलली नाही. "देखे? ज्याला जमीन नाही, सगळी ताकद तोच उधळतो." आणखी एक शिकवण दिली. कोरड्या डांबरावर पुढची चाकं जोडायची नाहीत. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर चालत नाहीत, जोडलेली असली की एकमेकांशी झगडतात, आणि मधला एखादा जॉइंट तुटतो.

काम करता करता अब्बा जुनी गोष्ट पुन्हा सांगायचे. ही जीप बनवणारी कंपनी १९४५ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. "नाम गया," अब्बा पाना पुसत म्हणायचे, "पण जीप इथंच राहिली, आणि तिच्याखाली झोपून तेल अंगावर घेणारे आपणही." यावर आम्ही कधी काही बोललो नाही. बोलण्यासारखं त्यांनीच बोलून टाकलेलं असायचं.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, सगळीकडं पाणी. फुफीच्या गावाहून फोन आला. मोहल्ल्यातून भाकऱ्या, सतरंज्या, पाण्याचे बॉक्स गोळा झाले. अब्बांना आता ऐकू कमी येतं, पण ते गाडीपाशी काठी टेकत आले आणि प्रत्येक हूक ओढून बघितला. मग म्हणाले, "वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की परत फिरायचं. गाडी चांगली आहे म्हणून पाणी कमी होत नाही."

काळं रान जीपनं ओलांडलं. लो गिअर, सावकाश, मधे न थांबता. टेम्पो रुतला होता ती जागा आम्ही ओळखली. पण पुढच्या ओढ्याला पाणी होतं, आणि त्याला ओढ होती. धाकट्यानं पँट वर करून, कमरेला दोर बांधून चार पावलं टाकली. पाणी गुडघ्याच्या वर आलं. गाव समोर दिसत होतं. गाडी जाईल असं वाटत होतं. आम्ही इंजिन बंद केलं.

हाका मारल्यावर पलीकडून माणसं आली. पाणी ओसरायला तीन तास लागले, मग त्यांनी साखळी धरून सामान डोक्यावरून नेलं. त्यातल्या एकाला आम्ही ओळखलं. पाच वर्षांपूर्वी बैलजोडी आणणारा तोच. तो जीपभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ही तवा पाहिजे होती."

परतताना संध्याकाळ झाली होती. जीप कबरस्तानाच्या कुंपणापर्यंत गेली, कुठं अडली नाही. आम्ही तिघं उतरलो, चिखलातच उभं राहून फुफीसाठी फातेहा पढलो. मग टायरांत हवा भरली आणि सोलापूरच्या वाटेला लागलो.