बाबांची बरणी

पाइपच्या तंबाखूचा सगळा खेळ ओलाव्याचा. कोरडा पडला की भसाभसा जळतो, जीभ पोळते. जास्त ओला असला तर पाइप सारखा विझतो आणि नळीत गुरगुर सुरू होते. चिमूट दाबून सोडायची, हळूहळू उलगडली की बरोबर, ही बाबांची परीक्षा.

लोणच्याच्या बरणीवर त्यांचा विश्वास नाही. दादरा कितीही घट्ट बांधा, पुण्याच्या एप्रिलात तंबाखूचा पार पाचोळा होतो म्हणतात. त्यांना काचेचीच बरणी लागते, झाकणाला रबर असलेली, आणि तीही अंधाऱ्या कपाटात. कोणी सफरचंदाची फोड टाकायला सांगितली की चिडतात. बुरशी येते ना! त्यापेक्षा मातीच्या पणतीचा तुकडा भिजवून, पुसून, दिवसभर आत ठेवायचा. फ्रीज नाहीच. (आईने ठेवू दिला असता होय! :-))

२०१९ मध्ये बायपास झाली आणि पाइप सुटला. आईने पाइप, राखदाणी, सगळं काढून टाकलं. बरणी मात्र बाबांनी मागून घेतली. व्हर्जिनिया आहे, बंद बरणीत वर्षानुवर्षं मुरतो म्हणे. कोणासाठी मुरवायचा, हे मी विचारलेलं नाही.

आता त्यांना नीट दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा बुरशी बघायचं काम माझ्याकडे आलंय. मी पातळीही बघतो. त्यांना ते कळलं असावं, कारण दिवाळीत त्यांनीच बरणीवर स्केचपेनने रेघ मारून घेतली.

परवा तंबाखू रेघेच्या किंचित खाली दिसला. मुरताना खाली बसतो, बाबा म्हणाले. बसतही असेल...