कॉम्प्लेक्स

लातूरच्या एका खासगी क्लासला दर चाचणीनंतर पालकांसाठी मराठीत गुणपत्रकं लागतात. त्यांच्यासाठी मी नांदेडात बसून जावात प्रोग्रॅम लिहिला. मार्क डेटाबेसमध्ये, गुणपत्रकाचा साचा लिब्रेऑफिसच्या फाइलीत. दोघांना जोडतो युनो, म्हणजे ‘युनिव्हर्सल नेटवर्क ऑब्जेक्ट्स’. क्लासमध्ये विंडोज, माझ्याकडे लिनक्स, कोड तोच.

युनो दुभाषाचं काम करतो. लिब्रेऑफिसचा गाभा सी प्लस प्लसमधला, आणि तो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. जावाच्या हाती खुद्द फाइल येत नाही, तिचा प्रतिनिधी येतो. म्हणून नेहमीचं कास्टिंग इथे भरवशाचं नाही. ‘क्वेरीइंटरफेस’ करून विचारायचं: तुला मजकूर लिहिता येतो? छापता येतं? येत असेल तर तो इंटरफेस मिळतो, नाहीतर नल.

खरी गंमत फॉन्टची. या ऑफिसचा पूर्वज स्टारऑफिस जर्मनीत घडला, १९९९ मध्ये सन कंपनीकडे गेला, २००० मध्ये त्याचा कोड खुला झाला. त्याच्या रचनेत लिप्यांचे तीन गट आहेत: पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स. आशियाई म्हणजे चिनी, जपानी, कोरियन. आपली देवनागरी अरबी, हिब्रूसोबत कॉम्प्लेक्समध्ये. ‘कॅरफॉन्टनेम’ला दिलेला फॉन्ट फक्त इंग्रजी अक्षरांना लागतो. मराठीसाठी ‘कॅरफॉन्टनेमकॉम्प्लेक्स’ लिहावं लागतं. आकार, ठळकपणा, भाषा, सगळंच वेगळं सांगायचं.

आमच्याकडे ‘कॉम्प्लेक्स येणं’ म्हणजे न्यूनगंड. मराठी माध्यमातून शिकून पुण्याच्या कंपनीत इंग्रजीत बोलायची वेळ आली की येतो, तो. त्यामुळे कोडमध्ये आपल्या भाषेपुढे हा शब्द पाहिला की जरा टोचतं. पण इथे त्याचा अर्थ एवढाच की ही अक्षरं मांडायला जास्त काम पडतं. ‘लि’मधली वेलांटी साठवली जाते ‘ल’नंतर, दिसते मात्र आधी. ‘सूर्य’मधला र चढतो य च्या डोक्यावर.

भाषा ‘मराठी, भारत’ अशी दिली की, सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. नाही दिली तर बहुतेकदा हिंदी वळणाचे. ज्याला मराठी वाचता येत नाही, त्या प्रोग्रॅमरला हा फरक दिसणारच नाही. आणि पालक तर मार्क बघतील, ल कशाला बघतील?

तरी प्रत्येक साच्यात मी ती ओळ लिहितो. युनोने जागा ठेवलेली आहे; ती भरायला मराठी वाचणाराच लागतो.