दोन बर्नर, चार गावं

शनिवारी संध्याकाळी भेटायचं म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न काय असतो? 'कुठे?' मग अर्धा तास नुसती मेसेजामेसेजी, एफसी रोडवर एखाद्या कॅफेबाहेर पाऊण तास वेटिंग आणि शेवटी बिल बघून सोमवारपासून डबा न्यायचा निश्चय! आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर यावर दीड वर्षापूर्वी तोडगा निघाला. 'कुठे' हा प्रश्नच बाद. फक्त विचारायचं, आज कुणाचा नंबर?

आम्ही चौघी. जळगाव, नांदेड, चिपळूण आणि मी सांगली. ही आमची गावं, आणि घरात हाक मारायची नावंही तीच. एक हिंजवडीत टेस्टिंग करते, एकीची सीएची आर्टिकलशिप चालू आहे, एक इंटिरियर डिझायनरकडे आहे आणि मी फ्रीलान्स, म्हणजे पगाराची तारीख या गोष्टीशी माझा संबंध नाही. फंडा साधा आहे. दर शनिवारी एकीनं आपल्या घरचं जेवण रांधायचं. बजेट ६०० रुपये, खाणारी तोंडं दहा. बाहेरून काही मागवायचं नाही. ताटं आमच्याकडे सहाच आहेत, त्यामुळे पाहुण्यानं येताना आपली ताटली आणायची आणि जाताना घासून न्यायची. हा नियम ऐकून पहिल्यांदा हसलेले सगळे आता बॅगेत ताटली घालून येतात!

खरेदी मंडईत. अ‍ॅपवर दहा मिनिटांत भाजी दारात येते, मान्य. पण ६०० रुपयांत दहा जण जेवायला घालायचे तर मंडईच. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि आमची पार्किंगची कटकट संपली. आनंदनगरला बसायचं, जिल्हा न्यायालयाला खाली उतरून गाडी बदलायची, तिथून दुसरं स्टेशन मंडई. वर आलात की जवळच ती मधोमध मनोरा असलेली दगडी इमारत. १८८० च्या दशकात बांधली तेव्हा ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं 'रे मार्केट' होती. नगरपालिकेत असताना ज्या महात्मा फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. इमारत जरूर बघा. भाजी मात्र दिवे लागल्यावर बाहेरच्या रस्त्यावर घ्या. तेव्हा तराजू बाजूला पडतो आणि वाटे लागतात. जरा दबलेल्या टोमॅटोंचा वाटा रश्शासाठी एकदम बेस्ट. मेनू ठरवून मंडईत जायचं नाही, हे जळगावचं तत्त्वज्ञान. आधी वाटा बघायचा, मग मेनू.

जळगावची शेवभाजी म्हणजे या शनिवारांचा सुपरहिट आयटम. भाजीवाल्याकडे काहीच धड मिळालं नाही तरी ती अडत नाही, कारण या भाजीत भाजीच नसते! कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, आलं-लसणासोबत वाटायचं, खानदेशी मसाला घालून तेलाचा तवंग येईपर्यंत परतायचं, मग पाणी. जाड तिखट शेव घालायची ती वाढतानाच. आधी घातली तर तिचा लगदा होतो. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणलेल्या पिठाची. हिवाळ्यात तिचे बाबा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून भरताची वांगी पाठवतात. जळगावच्या या वांग्यांना २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, हे ती दर हिवाळ्यात नव्यानं सांगते. तिकडे ती काड्यांच्या जाळावर भाजतात. इथे आमचे दोन बर्नर.

मी अख्खा मसूर करते. इस्लामपूर-सांगली पट्ट्यातल्या ढाब्यांवरचा हा आयटम, कांदा-लसूण मसाला घातला की मटणाच्या तोंडात मारेल असा. पाऊण किलो मसुरात दहा जण जेवतात. महिनाअखेर नांदेडकडे असते. उरलेली कणीक, तुरीचं वरण, चिंच-गूळ, की झाली वरणफळं. मी याला चकोल्या म्हणते, आमचा अहमदाबादचा मित्र दाळढोकळी म्हणतो. हे भांडण दर महिन्याला होतं आणि पातेलं रिकामं होईपर्यंत चालतं.

चिपळूणचा शनिवार मात्र वेगळा असतो. ओनर काकांनी किल्ली देतानाच सांगितलं होतं, नॉनव्हेज शिजवायचं नाही. बाकी तिघींना त्यानं फार फरक पडला नाही. चिपळूणच्या घरी वारांपेक्षा मासळी कोणती आली यावरून दिवस ओळखतात. ती कुळथाची पिठी करते, वाफाळता भात, आगळाची सोलकढी, उन्हाळ्यात फणसाची भाजी. सगळे वाडगा चाटूनपुसून खातात. ती हसते आणि म्हणते, 'हे आमच्याकडे मासे न मिळालेल्या दिवसाचं जेवण.' आपल्या घरचं रांधायचं हाच जर नियम, तर एवढ्या शनिवारांत तिचा एकही नंबर खऱ्या अर्थानं लागलेला नाही. हे मला खटकतं. तिच्यापेक्षा मलाच जास्त, कदाचित.

पुढच्या महिन्यात अकरा महिन्यांचं दुसरं अ‍ॅग्रीमेंट संपतंय. ओनर काका भाडं वाढवून द्यायला तयार आहेत, अट तीच. सोसायटीच्या ग्रुपवर 'शनिवारची वर्दळ' असाही एक मेसेज पडलाय. म्हणून गेले दोन आठवडे आम्ही घरं बघतोय. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न 'लग्न झालंय का?' आणि दुसरा 'खाता काय?' मागच्या रविवारी वारज्यात एक फ्लॅट पाहिला. ओटा बोटभर, मेट्रो लांब, भाडं तीन हजारांनी जास्त. चिपळूणनं दारातच विचारलं, मासे चालतील? ओनर काकू म्हणाल्या, 'चालतील की. फक्त काटे ओल्या कचऱ्यात नीट बांधून टाका, मांजरं फार आहेत.'

टोकन येत्या रविवारपर्यंत द्यायचंय. जळगाव आणि नांदेडचा जीव मेट्रोत अडकलाय, माझा हिशोब भाड्यात. चिपळूण काहीच बोलत नाही, पण काल ती फोनवर आईला विचारत होती, बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं किती घालायची. या शनिवारी नंबर नांदेडचा. मतदान जेवणानंतर. उपाशीपोटी आमच्या घरात कुठलाही निर्णय होत नाही.