विसरभोळा संगणक

संगणक बंद असला, तरी त्याचे घड्याळ चालूच असते. आत नाण्याएवढी 3 व्होल्टची बॅटरी असते, तिच्यावर ते चालते.

एके दिवशी मी माझा संगणक सुरू केला. पाहतो तर काय, तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली! मी धाकट्या भावावर चिडलो. "मी हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला. मला ते खरे वाटले नाही.

नवी बॅटरी बसवली. घड्याळ नीट चालू लागले. पण आता दर वेळी सेटिंग पुसली जाऊ लागली. असे का व्हावे?

घड्याळाच्या चिपमध्ये थोडी स्मृतीही असते. 1984 सालच्या आयबीएम एटी संगणकात ती 64 बाइटची होती. पहिले 14 बाइट घड्याळाचे, उरलेले 50 सेटिंगसारख्या नोंदींचे. बाइट म्हणजे जणू एकेक घर. यांतील काही घरांची बेरीज वेगळी लिहिलेली असते. सुरू होताना ती जुळली नाही, की संगणकाचा त्या नोंदींवर विश्वास राहत नाही.

माझा एक प्रोग्रॅम तिथे परस्पर लिहीत होता. पण कोणत्या घरात? माझ्या चिपमध्ये घरे होती 256! मी त्यांतली निम्मी त्या प्रोग्रॅमला बंद केली. तरीही सेटिंग गेली, म्हणजे दोष उरलेल्या निम्म्यांत. मग त्यांची निम्मी. आठव्या खेपेला एकच घर सापडले. तेवढे बंद केले आणि सेटिंग टिकली.

भाऊ शेजारीच उभा होता. "मग मी नव्हतो ना?" त्याने विचारले. मी उठून त्याला खुर्ची दिली.