आमचा उजवा कान

कानाचे नेमून दिलेले काम ऐकण्याचे. परंतु आमच्या समाजाने त्याच्यावर जी इतर कामे लादली आहेत ती पाहता ऐकणे हे त्याचे गौण कर्तव्य असावे अशी शंका येते. बाराव्या दिवशी सोनार त्याला टोचतो. पुढे पंतोजी त्याला पिळीत असत. सुतार त्याच्यावर पेन्सिल ठेवतो. आणि चाळिशी लागली की चष्म्याच्या काड्या जन्मभर त्याच्यावर विसावतात. शपथ घ्यावयाची तर त्याला खडा लावावयाचा, आणि चूक कबूल करावयाची तर त्यालाच पकडावयाचे! इतके सोसूनही तो बिचारा तक्रार करीत नाही; म्हणून साठी उलटेपर्यंत आम्ही त्याचा कधी विचारच केला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी तो प्रसंग आला. उजव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गाठीचीच घरच्या माणसांना अधिक धास्ती वाटते. शस्त्रवैद्यांनी कागदावर आकृती काढून आम्हास समजावले. गालगुंडात जी लाळेची ग्रंथी सुजते, तिच्यातच ही गाठ होती. त्या ग्रंथीच्या पोटातून चेहरा हलविणारा मज्जातंतू जातो. त्याला इजा झाली तर अर्धे तोंड लुळे पडते व डोळा मिटत नाही. "तो आम्ही जपू," ते म्हणाले, "पण कानाची पाळी बधिर होण्याचा संभव आहे." आम्ही मोठ्या उदारपणे पाळी देऊ केली.

घरी पडून असताना ती आकृती आम्ही पुनःपुन्हा पाहिली. एवढ्याशा कानावर किती जणांची सत्ता! मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांपैकी पाचवीकडे कानाचा पुढचा भाग आहे. दातांची मालकीही तिचीच. कानाच्या खळग्यात व नळीत दहावीची एक बारीक फांदी येते. ही दहावी मोठी भटकी. घसा, हृदय, जठर असा तिचा संचार. कानात काडी फिरविली की काहींना खोकला येतो, तो या फांदीमुळेच. जर्मन शारीरशास्त्रज्ञ फ्रीडरिख आर्नोल्ड यांचे नाव तिला मिळाले आहे. उलट, दाढ किडली किंवा घशात व्रण झाला, तर कळ कानात उठते, आणि कान तपासावा तर तो निर्दोष! म्हणूनच हटवादी कानदुखीत जाणता वैद्य रोग्याचा घसाही पाहतो. पाळी मात्र मानेची प्रजा. मानेच्या दुसऱ्या व तिसऱ्या मज्जातंतूंपासून निघालेला कानाचा मोठा तंतू, मान वळविली असता तिरपा उठून दिसणाऱ्या स्नायूला मागून वळसा घालतो आणि वर चढून कानात पसरतो. आमच्या गाठीच्या वाटेवर तोच आडवा आला.

गाठ निरुपद्रवी निघाली, तोंड सरळ राहिले, पाळी गेली. प्रथम आम्हास त्याचे हसूच आले. मग एके सकाळी दाढी करून बाहेर आलो, तो पत्नीने विचारले, "अहो, हे रक्त कसले?" सदऱ्याची कॉलर भिजली होती. पाळीवर वस्तरा फिरला होता आणि आम्हास त्याचा पत्ताही नव्हता.

त्या क्षणी चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ स्थापिलेले आनंदवन पाहावयास आम्ही विद्यार्थिदशेत गेलो होतो. तेथे एका वृद्ध गृहस्थाने पाण्याचा पेला पुढे केला. पेला धरणाऱ्या आखूड बोटांकडे पाहून, तहान नाही, असे आम्ही खोटेच सांगितले. बोटे रोग खातो अशी आमची समजूत होती. वास्तविक कुष्ठरोगाचा जंतू, जो हान्सेन यांनी १८७३ साली शोधला, त्वचेजवळच्या मज्जातंतूंत घर करतो. कानाचा तो मोठा तंतूही त्याच्या आवडीचा. तो सुजून मानेवर दोरीसारखा दिसू लागतो, आणि डॉक्टर आजही तो बोटांनी चाचपून पाहतात. वेदना नाहीशी झाली की चटका, काच, खिळा यांपैकी काहीच कळत नाही; जखमा चिघळतात व बोटे झिजतात. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच जगाला पटवून दिले. आज औषधांनी तो रोग बरा होतो. परंतु उपचारास उशीर झाला तर गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

वेदना नसणे म्हणजे सुख, असे आम्ही साठ वर्षे मानीत आलो. आमच्या रक्ताची वार्ता सांगावयास घरात माणूस होते. त्या गृहस्थाला ती कोणी सांगितली असेल? आणि ज्याचे सर्व मज्जातंतू शाबूत होते, त्याला समोरच्या माणसाचा अपमान झाला हे चाळीस वर्षे कळले नाही, त्याच्या बधिरतेला काय म्हणावे?

पाळीचा बधिर भाग हळूहळू आक्रसत चालला आहे. नात खांद्यावर बसून दोन्ही कान ओढते. डावा लगेच ओरडतो, उजव्याला अजून अर्धवटच समजते. "आजोबा, हा दुखत नाही का?" असे ती विचारते. दुखू लागेल, बाळ, अशी आशा आहे, असे आम्ही तिला सांगतो.