कल्पना व सचोटी

ललित लेखकाने कल्पनेचा आश्रय केला म्हणजे सत्याशी प्रतारणा केली, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते मान्य नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आठवणी त्यांच्या स्वतःच्या. परंतु पांडुरंगाचा श्याम झाला, आणि आश्रमात रात्रीमागून रात्री कथा सांगण्याची योजना कल्पनेने केली. नाव बदलले खरे, पण दोष झाकले नाहीत. श्यामचा भित्रेपणा, पुस्तकापायी केलेली चोरी, पोहण्यास जावे म्हणून आईने दिलेला मार, सारे तेथे आहे. आई १९१७ सालीच निवर्तली होती. लिहिलेले खोडून काढावयास ती येणार नव्हती. जो उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याविषयी लिहिणाराचे दायित्व अधिकच असते. प्रसंगांची मांडणी कल्पनेने खुशाल करावी. मात्र न अनुभवलेले अश्रू वाचकांपुढे ठेवू नयेत, आणि प्रिय माणसास निर्दोष करण्यासाठी त्याचे माणूसपण हिरावून घेऊ नये. लेखकाची सचोटी येथेच कसास लागते.